ताताय माझ्याकडेच बघायचे

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे. काळ्या प्लॅस्टिकचा, आत रोल घालून फोटो काढायचा, आणि आता चांगलाच जुना. माझ्यावर फिरवायला, जुळवायला काही नाही. डोळा लावायचा, बटण दाबायचं, की झालं. मोठाल्या भिंगांचे कॅमेरे आम्हाला आपल्यात धरत नाहीत. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. मला जाळलं ते माझ्याहूनही लहान अशा एका चंदेरी कॅमेऱ्यानं. त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले. एका उतारवयाच्या जोडप्यानं बर्फ बघायला जाताना मला विकत घेतलं, बर्फाचे फोटो काढले आणि कपाटात ठेवून दिलं. पुढे त्यांचं घर रिकामं झालं. भाताचे वाडगे, बाहुल्या, गोल्फच्या काठ्या यांच्याबरोबर मीही एका खोक्यात पडलो आणि जहाजातून दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या इलोइलो शहरात आलो. तिथं जपानहून आलेल्या जुन्या सामानाची दुकानं आहेत. अशाच एका दुकानात फुलदाण्यांच्या ढिगामागे मी पालथा पडलो होतो, आणि फुलदाण्या घ्यायला आलेल्या फेलिसाच्या हाताला लागलो.

"हा चालतो का?" तिनं विचारलं.

"चालला तर तुमचं नशीब, मानांग," दुकानदार म्हणाला. इथं थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, आणि बहिणीसारख्या कुठल्याही बाईला. "नाही चालला तर दाराला टेकण लावा."

"टेकणाला वीट आहे माझ्याकडे. विटेच्या भावात देता का?"

त्यानं दिलं. पहिल्या दिवशी माझी लायकी अशी ठरली. पण मला त्याचं सुखच आहे, कारण त्या बाईनं घरी नेऊन मला ओल्या फडक्यानं पुसलं. माझ्या बॅटरीचं झाकण तुटलं होतं, त्यावर रबरबँड चढवलं, आणि पुष्पचक्राला बांधतात ती हिरवी फीत लावून मला गळ्यात अडकवलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

फेलिसाचं शहराच्या अरेवालो भागातल्या चौकात, चर्चसमोर फुलांचं दुकान होतं. लग्नाचे गुच्छ, चर्चमधले हार आणि मयताची पुष्पचक्रं ती करायची. तिच्या बोटांना तारेची टोचणी आणि शेवंतीचा वास कायमचा लागलेला असे. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांना ती ताताय म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचं नाव अन्सेल्मो. तरुणपणी प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत गिटार घेऊन गायचे. देखणे होते आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांना लकव्याचा झटका आला. डावा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्यांनी ओसरीवरचा आरसा फेलिसाला काढून ठेवायला लावला. दिवसभर दारात बसून ते उजव्या हातानं शेवंतीच्या दांड्यांची पानं ओरबाडत.

फेलिसानं मला पहिल्यांदा त्यांच्यावर रोखलं तेव्हा त्यांनी मान फिरवली.

"मी फुलांचा काढतेय, ताताय," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये आलात तर माझा नाइलाज आहे."

त्यांना हसू आलं. वाकडंच, पण आलं. मी ते टिपलं.

रोल महाग, तो भरायला महिने लागत. फोटो हातात आले तेव्हा ताताय हसले होते हे सगळेच विसरून गेले होते. त्यांनी फोटो दूर धरला, जवळ धरला.

"हा म्हातारा कोण?"

"शेजारचा," फेलिसा म्हणाली.

"देखणा आहे," ताताय म्हणाले, आणि फोटो बिस्किटांच्या डब्यात ठेवायला दिला.

तेव्हापासून ते मला बिचकेनासे झाले. दात घासताना, कॉफीत पाव बुडवताना, खुर्चीत डुलकी लागताना, कसेही असले तरी मी वर झालो की ते सरळ माझ्याकडे बघत. साऱ्या गल्लीत ज्या माणसाचा चेहरा कुणाला मिळत नव्हता तो माझ्यासाठी उघडा होता. मला याचा फार गर्व चढला, मित्रांनो. मला वाटे, या घरात मी नसतो तर या माणसाला बघितलं कुणी असतं?

त्या घराला आणखी एक मुलगी होती. तिचं नाव रोसेल. ती प्रवासी जहाजावर, चादरी-टॉवेल धुण्याच्या खात्यात नोकरीला होती. घरावरचे नवे पत्रे तिच्या पैशाचे, तातायची चाकाची खुर्चीही तिच्याच पैशाची. झटका आला तेव्हा ती कुठल्याशा समुद्रात होती. त्यानंतर पहिल्यांदाच, ऑक्टोबरच्या शेवटी, ती रजेवर घरी आली. तीन मोठी खोकी घेऊन आली. चॉकलेट, डबाबंद मांस, साबण, टॉवेल. रिक्षातून उतरल्या उतरल्या ती तातायच्या गळ्यात पडली. फेलिसा स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि मला उचलून दोनदा बटण दाबलं. रोसेलला ते कळलंही नाही.

मग रोसेलनं आपल्या बॅगेतून त्याला बाहेर काढलं.

तो चंदेरी होता. साबणाच्या वडीएवढा. त्याला रोल लागत नव्हता. त्याच्या पाठीला एक छोटा पडदा होता आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसत होता. झोपायला त्याला मऊ पिशवी, जेवायला स्वतःची तार. मला रबरबँड. अख्खी गल्ली त्याच्याभोवती जमली. शेजारच्या तिया पुरिंग, म्हणजे पुरिंगकाकू, तर दिवसातून चार वेळा केस विंचरून येऊ लागल्या.

"बघ, बघ, लगेच दिसतं," त्या म्हणाल्या. "आमच्या फेलीचा कॅमेरा म्हणजे आज हसा आणि नाताळला बघा. तोवर माणूस दात काढून बसलेला असतो."

सगळे हसले. फेलिसाही हसली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. खिळ्याला टांगल्या टांगल्या मी त्या चंदेरी पाहुण्याकडे बघत राहिलो. तो प्रत्येकाला दाखवला जाई, हातोहात फिरे, मांडीवर बसे. त्याचं काढलेलं आवडलं नाही तर पुसून टाकत आणि त्याला काही वाटतही नसे. मला एकेका फोटोसाठी श्वास रोखावा लागतो. मनात म्हणालो, पड एकदा खाली आणि फूट.

मत्सर मला एकट्यालाच होता असं समजू नका. रोसेल आल्यापासून ताताय रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट मागू लागले होते. शर्ट रोसेलनं पाठवलेला, इस्त्री करणारी फेलिसा. शेजारी येत आणि म्हणत, "काय गुणाची मुलगी तुमची, अन्सेल्मो," आणि त्यांचं बोट रोसेलकडे असे. फेलिसा तेव्हा जमिनीवर बसून तारेला पानं गुंडाळत असे. मी तिच्या छातीवर लटकणारा. आत काय चाललंय ते मला लागत होतं, आणि मला बरं वाटत होतं की आम्ही दोघं एका बाजूला आहोत.

रोसेलला एकच गोष्ट हवी होती. तातायचा एक फोटो, जहाजावर न्यायला.

ताताय देईनात. चंदेरी पाहुणा दिसला की ते मान वळवत. एकदा तिनं त्यांना बोलण्यात गुंतवलं आणि पटकन काढलाच. "बघा ताताय, किती छान आलाय," म्हणत तिनं तो पडदा थेट त्यांच्या नाकासमोर धरला. पाठीमागून तिया पुरिंग वाकल्या.

"अगं बाई, तोंड फारच ओढलंय की हो."

ताताय बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. एक मिनिटापूर्वीचा स्वतःचा चेहरा त्यांना कुणी असा दाखवला नव्हता.

"पूस ते," ते म्हणाले.

"पण ताताय..."

"इंदाय, पूस म्हटलं ना." लाडात असले की ते तिला इंदाय म्हणत. या वेळी आवाजात लाड नव्हता.

तिनं पुसलं. त्यानंतर तो चंदेरी बाहेर आला की ताताय खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेत. आणि मित्रांनो, खिळ्यावर मी काय खूश झालो म्हणून सांगू.

मग मृतांचा सण आला. अरेवालोत त्या आठवड्यात फुलांचा पूर असतो. फेलिसाला मान वर करायला फुरसत नव्हती. रोसेलही मदतीला बसली, पण तिच्या हातची पुष्पचक्रं चपटी होत. फेलिसा ती मुकाट्यानं सोडून पुन्हा बांधी, आणि रोसेल मुकाट्यानं ते बघे. सणाच्या संध्याकाळी सगळे आईच्या थडग्याशी गेले. मेणबत्त्या लावल्या. डब्यातून तूर, डुकराचं मांस आणि कच्च्या फणसाचं कालवण काढलं. ताताय खुर्चीतून आईच्या नावाकडे बघत हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. फेलिसानं मला वर केलं. तातायनी मान उचलली, सरळ बघितलं आणि गुणगुणतच हसले. मी टिपलं. वळून बघतो तर रोसेल दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या हातातला चंदेरी खाली लोंबत होता. तिनं सारं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फडताळातला बिस्किटांचा डबा काढला. आतले फोटो पलंगावर पसरले. दात घासणारे ताताय, कॉफी पिणारे ताताय, डुलक्या घेणारे ताताय. वर्षभराचे ताताय. फेलिसा दुकानातून आली ती मला गळ्यात घेऊनच.

"मला यांच्यातला एकसुद्धा पाठवावासा वाटला नाही तुला?" रोसेलनं विचारलं.

"ते नको म्हणाले होते."

"तुला बरं ते सगळं सांगतात."

"मी असते म्हणून सांगतात," फेलिसा म्हणाली. "तू पैसे पाठवतेस, मी त्यांचं तोंड पुसते. ज्याचं त्याचं काम."

"म्हणजे मी पैसे पाठवू नको?"

"तसं म्हटलं का मी? तू आलीस की त्यांना इस्त्रीचा शर्ट लागतो, रोसेल. माझ्यासमोर वर्षभर बनियनवर बसतात. मला काय वाटत असेल?"

"तुला शर्टाचं पडलंय. तुझ्याकडे अख्खे ताताय आहेत, मानांग. मला त्यांचा फोटोसुद्धा मिळत नाही."

"रडू नकोस आता. शेजारी ऐकतात."

या वाक्यानं काय झालं कोण जाणे. रोसेल उठली, तिनं फेलिसाच्या गळ्यातून मला ओढलं. हिरवी फीत तुटली. तिनं माझ्या पाठीचं दार खटकन उघडलं.

कॅमेऱ्याला उजेड पोटात घ्यायचा नसतो, मित्रांनो. भर दुपारचा उजेड माझ्या आत शिरला.

"त्यात कालचे ताताय होते," फेलिसा इतक्या शांतपणे म्हणाली की रोसेलच्या हातातून मी पलंगावर पडलो. भिंतीपलीकडे तातायची खुर्ची कुरकुरली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आता माझ्या घडणीतली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो काढावा तसा रोल डबीतून बाहेर येत जातो. माझ्या घराण्यात उलट आहे. रोल घातला की मी तो आधी सगळा बाहेर ओढून घेतो, आणि एकेक फोटो निघाला की तेवढी फिल्मची फीत परत डबीत, अंधारात ढकलतो. चुकून दार उघडलं तरी काढलेलं वाचावं, म्हणून कारखान्यातल्या लोकांनी केलेली ही सोय. जळाली ती पुढची कोरी फीत. ताताय माझ्यापाशी सुखरूप होते. हे मला ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. खरं सांगू? तोंड असतं तरी त्या दिवशी मी रोसेलला सांगितलं नसतं.

पुढचे काही दिवस दोघी बहिणी एकमेकींशी मीठ-पाण्यापुरतं बोलल्या. फेलिसानं मला हात लावला नाही. मग एका सकाळी रोसेलनंच मला रुमालात गुंडाळलं आणि शहरातल्या स्टुडिओत नेलं.

"दार उघडलं गेलं होतं," ती काउंटरवरच्या माणसाला म्हणाली. कुणी उघडलं ते सांगितलं नाही. "काही उरलं असलं तर बघा."

संध्याकाळी तिनं ते पाकीट घरी आणलं, न उघडता. फेलिसा भाजी निवडत होती. रोसेलनं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि मला शेजारी.

"तूच उघड, मानांग."

फेलिसानं हात पुसले. एकेक फोटो बाहेर आला. सगळे होते. थडग्याजवळचा शेवटचा तेवढा कडेनं नारिंगी झाला होता, आग लागल्यासारखा, पण मधोमध ताताय शाबूत होते आणि गुणगुणत होते.

माझे फोटो मी याआधीही पाहिले होते, पण घाईत, डब्यात जाताना. आज ते टेबलावर माझ्यासमोरच मांडलेले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तातायची नजर माझ्यावर नव्हती. एकाही फोटोत नव्हती. ती माझ्या काचेच्या जराशी वर होती, जिथं फेलिसाचा चेहरा असतो. इतके दिवस ज्या बघण्यावर मी फुगलो होतो ते माझं नव्हतंच. ज्या हातांवर माझा एवढा जीव त्यांचाही मला त्या क्षणी हेवा वाटला.

त्यांतच रोसेल घरी आली त्या दिवसाचे दोन फोटो होते. ती तातायच्या गळ्यात पडलेली, तिची फक्त पाठ दिसते. तिच्या खांद्यावर तातायची हनुवटी. डोळे मिटलेले, तोंड पुरतं वाकडं, उघडं, हसणारं. झाकायचं भान त्यांना राहिलंच नव्हतं.

रोसेल तो फोटो सोडेना. "हे मला कधी दिसलंच नाही."

"कसं दिसणार? तुझं तोंड त्यांच्या खांद्यात होतं," फेलिसा म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी कुणाच्या गळ्यात पडले तर असं तोंड होईल का त्यांचं?"

"तू कधी जाऊन परत येतेस का, मानांग? होईल कसं?"

फेलिसा हसली, आणि हसता हसता तिनं भाजीची परात बहिणीकडे सरकवली. रोसेल निवडायला बसली. तिनं कोवळी पानं टाकून जून पानं ठेवली. फेलिसानं ती पुन्हा निवडली, पण या वेळी मुकाट्यानं नाही. चांगली तोंडभरून बोलली तिला.

रोसेलची रजा संपत आली. निघायच्या आदल्या दिवशी तातायनी फेलिसाकडून दाढी करून घेतली आणि दारात येऊन बसले. अंगात बनियन होता.

"इंदाय," त्यांनी हाक मारली. "तो काळा घेऊन ये. तुझा राहू दे."

नवा रोल घातलेलाच होता. रोसेल मला घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"टॉवेल कुठंय तुमचा?" तिनं विचारलं.

"वाळत घातलाय. जहाजावर कुणाकुणाला दाखवणार आहेस?"

"सगळ्यांना."

तातायनी शेवंतीचं एक पान तोडून टोपलीत टाकलं.

"काय सांगशील?"

"माझे वडील. गातात."

"गायचे," ते म्हणाले.

"परवा थडग्याशी गात होतात. मी ऐकलंय."

मग त्यांनी मान वर केली. रोसेलनं मला दोन्ही हातांनी धरलं होतं, तिचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता. याच हातांनी माझी हिरवी फीत तोडली होती. ताताय बघत होते तेही माझ्याकडे नव्हतं, ते जरा वर, तिच्याकडे. मला सगळं कळत होतं आणि मी जळतही होतो, तरी मी श्वास रोखला आणि तो फोटो टिपला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना चंदेरी कॅमेरा फेलिसाच्या हातात ठेवून गेली. "मला तातायचे पाठवत जा, लगेच." ताताय आता त्यालाही बघू देत. माझा रोल ईस्टरपर्यंत रेंगाळला. फोटो आले तेव्हा फेलिसानं तो एक स्टुडिओतूनच पाकिटात घालून जहाजाच्या पत्त्यावर पाठवून दिला. मी काढलेला तो फोटो मी कधीच पाहिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ताताय गेले. रोसेल तेव्हा भर समुद्रात होती, तिला येता आलं नाही. फेलिसानं त्यांचं पुष्पचक्र स्वतः बांधलं आणि रात्रभर कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तिकडे रोसेलनं केबिनच्या भिंतीवरचा तो फोटो उतरवून आठवडाभर उशाशी घेतला, असं ती नंतर सांगायची.

चंदेरी पाहुण्याचा पडदा चारेक वर्षांत काळा पडला. आता तो फडताळात माझ्याच शेजारी असतो, त्या मऊ पिशवीत. मी कितीतरी दिवस या घडीची वाट बघत होतो. आली तेव्हा तेवढी मजा आली नाही. रोसेलनं जहाज सोडलं. दोघी बहिणी आता मिळून दुकान चालवतात, आणि दोघींच्या हातात फोन असतात. त्यांच्यावरूनही माझ्या पोटात दुखतं. स्वभाव आहे, काय करणार.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात पडून असेल तर एवढं करा. त्याची बॅटरी काढून ठेवा, ती गळली की आम्हाला आतून खाते. ओल लागू देऊ नका. आणि पाठीवरची छोटी खिडकी बघा. आत अर्धवट रोल असला तर तो पुरा करा आणि धुवायला द्या. त्यात कुणीतरी बसलेलं असतं, अंधारात, तुम्ही बोलवाल म्हणून.

माझ्यात आत्ता अर्धा रोल आहे. उरलेला कुणी काढायचा यावरून दोघी बहिणी रोज भांडतात, आणि भांडण संपलं की मला परत फडताळात ठेवून देतात. मी तक्रार करत नाही. भांडण चाललेलं असतं तेवढा वेळ दोघी माझ्याकडेच बघत असतात.